टेनाच्या दंडावरचा हात

मर्डिना कॅम्पबेलकडे टॅटू काढून घ्यायला आलेल्या माणसाला आधी चहा प्यावा लागे. सुईचं यंत्र घराच्या मागच्या खोलीत आणि त्या खोलीची वाट स्वयंपाकघरातून, त्यामुळे कितीही घाईतला माणूस असो, तो टेबलापाशी अडायचाच. मग काळाकुट्ट चहा समोर यायचा, ओटची बिस्किटं यायची, लोणी यायचं आणि मर्डिना विचारायची, "हं, बोल. कुणाचा तू?"

ग्लेनमोरात या प्रश्नाला नुसतं नाव सांगून भागत नाही. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर नावं मोजकीच. अर्धं गाव मॅकडोनाल्ड, उरलेल्यातलं अर्धं कॅम्पबेल, आणि जो उठतो तो पोराला आजोबाचं नाव ठेवतो. नवा पोस्टमन आला की पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येतो. म्हणून माणूस बापाचं नाव सांगतो, त्याच्या बापाचं सांगतो, त्याच्याही बापाचं सांगतो, आणि शेवटी घराण्याला चिकटलेलं टोपणनाव सांगतो. किटलीवाले. बोकडवाले. एका घराण्याला तर नुसतंच 'उशिराचे' म्हणतात. त्यांचा मूळपुरुष स्कॉटलंडहून निघताना धक्क्यावर झोपून राहिला आणि पुढच्या जहाजानं आला. त्याला दोनशे वर्षं होत आली. त्या घरचे लोक लग्नाला अगदी वेळेवर आले तरी मंडळी अजून घड्याळाकडे बघून हसतात.

मर्डिनाचा सगळा धंदा या उत्तरावर चालायचा. उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं यायची आणि फोनवर कुठलीशी ढाल, कुठलासा सिंह दाखवायची. "हे आमच्या आडनावाचं चिन्ह."

"आडनावाची ढाल नसते रे बाळा," बिस्किटांची बशी पुढे सरकवत मर्डिना म्हणायची. "ढाल एका माणसाची असते. ही ज्याची होती तो केव्हाच मेला. तू त्याचा कोण?"

मग दुसरा कप. दुसऱ्या कपात खरं काय ते बाहेर यायचं. ओंटारिओहून आलेला एक टकलू गृहस्थ सिंहाशिवाय ऐकेचना. शेवटी निघालं, की त्याचा खापरपणजोबा जहाजावर आचारी होता आणि वादळात अडकलेलं अख्खं जहाज त्यानं लापशीवर जगवलं होतं. तो गृहस्थ परत गेला तो हातावर पळी घेऊन. पळीभोवती केल्टिक वेल, एकाच रेषेची, कुठे वरून कुठे खालून जाणारी, कुठेही न तुटणारी. दर नाताळला त्याचं कार्ड येतं. आत फोटो असतो. तो, त्याची बायको आणि पळी.

कुळाचं चिन्ह मागितलं तर मात्र मर्डिनाचा एक नियम होता. आधी पट्टा. कुळाचं चिन्ह उघडं मिरवायचा मान एकट्या कुलप्रमुखाचा. बाकी सगळ्यांनी त्याच्याभोवती बकलचा गोल पट्टा काढायचा, आम्ही त्याची माणसं, एवढं सांगण्यापुरता. बाकीचे कारागीर आतलं चित्र मन लावून काढतात आणि पट्टा उरकून टाकतात. मर्डिनाचं उलट. तिचा पट्टा केल्टिक वेलीचा विणलेला असे. जहाजातून उतरलेल्या पहिल्या माणसापासून जितक्या पिढ्या, तितके वेढे. आणि एका वेढ्यात, शोधल्याशिवाय सापडणार नाही अशी, एखादी किटली नाहीतर बोकडाचं शिंग.

हे ती कुणाकडे शिकली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासरे, लॉकी कॅम्पबेल, लॉब्स्टरचे पिंजरे टाकायचे आणि त्या पिंजऱ्यांची जागा दाखवणारे तरंगते ठोकळे रंगवायचं काम नव्या सुनेकडे आलं. तिनं ठोकळ्यांवर वेली काढल्या. इतक्या सुरेख, की शेजारचे लोक आपला पिंजरा सोडून लॉकीचा उचलायला लागले, आणि सासऱ्यांनी वेली बंद करायला लावल्या. मग तिनं नवरा धरला. रॉरीच्या छातीवर पहिलं रानडुकराचं मुंडकं काढलं, कारण कॅम्पबेलांचं चिन्ह ते. हात बसलेला नव्हता, मुंडकं समुद्रातल्या सील प्राण्यासारखं झालं. रॉरी आजही उघड्या अंगानं समुद्रात उतरला की काठावरची पोरं ओरडतात, "सील आला! सील आला!"

आणि सासूबाई? टेनाबाई याच घरात, याच स्वयंपाकघरात होत्या. गिऱ्हाइकांना चहा त्याच द्यायच्या, कारण दारात आलेल्याला कोरडं पाठवायचं नसतं. कुणी वंशावळीत एखादा आजोबा गाळला तर भांडी विसळता विसळता तो परत घालायच्या. पण मागच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "गुरांना डाग देतात तसं काहीतरी करते ती आत," असं चर्चमधल्या बायकांना सांगायच्या. "माणसं आपल्या पायांनी येतात, हेच नवल. गाय तरी पळते."

मर्डिनाला आता याचं काही वाटत नसे. म्हणजे, रोज वाटत नसे.

त्या बुधवारी मात्र नवल घडलं. शनिवारी कॅम्पबेलांचा मेळावा होता. बोस्टनहून, अल्बर्टाहून, कुठून कुठून कॅम्पबेल गोळा झाले होते आणि प्रत्येकाला दंडावर नाहीतर पोटरीवर डुक्कर हवं होतं. मर्डिना सकाळपासून डुकरांच्या कळपात होती. एका माणसाची बायको खुर्चीशी उभी राहून सांगत होती, "तोंड जरा उघडं ठेवा हो, घोरताना ह्यांचं असतं तसं." ती दोघं गेली, मर्डिना सुई बदलायला वळली, आणि दार लागल्याचा आवाज झाला.

टेनाबाई आत उभ्या होत्या. दाराला पाठ लावून.

"काढ," त्या म्हणाल्या.

"काय काढू, आई?"

"दात काढ माझे! इथे बसून काय काढतेस तू दिवसभर?" आणि त्यांनी स्वेटरची बाही खांद्यापर्यंत वर सारली.

मर्डिनाला आधी वाटलं, यांना ऊन लागलं. मग वाटलं, मेळाव्याचा उत्साह. "डुक्कर काढू?" तिनं विचारलं.

"डुक्कर तुझा नवरा. मला हात काढ. आमचा."

आमचा म्हणजे मॅकडोनाल्डांचा. चिलखतातला हात, बोटांत धरलेला क्रूस. टेनाबाई जन्मानं मॅकडोनाल्ड, किटलीवाल्यांच्या. साठ वर्षांमागे त्यांनी लॉकी कॅम्पबेलशी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत सुतक असल्यासारखी शांतता पसरली होती. कारण तिकडे स्कॉटलंडात, ग्लेनको नावाच्या खोऱ्यात, तीनशेवर वर्षांपूर्वी एका कॅम्पबेल कप्तानाच्या शिपायांनी मॅकडोनाल्डांचा पाहुणचार घेतला, त्यांच्या चुलीशी शेकले, त्यांचं मीठ खाल्लं, आणि एका पहाटे उठून यजमानांनाच कापून काढलं. आता ग्लेनमोरातले लोक यावर नुसते विनोद करतात. कॅम्पबेल जेवायला आला की मॅकडोनाल्डीण सुऱ्या मोजून ठेवते, असे. सगळेच विनोद करतात. एक अँगस सोडून.

अँगस टेनाबाईंचा थोरला भाऊ. चौऱ्याऐंशीचा. बहिणीवर जीव. लग्न झाल्यापासून दर आठवड्याला तिला भेटायला येतो, पण कॅम्पबेलाच्या छपराखाली जेवायचं नाही, अशी त्यानं तरुणपणी शपथ घेतली होती. मग जेवायचं नाही तर आत कशाला यायचं? म्हणून तो आत येतच नाही. अंगणात, सरपणाच्या ढिगाशेजारी गाडी लावतो, घरून आणलेला सँडविचचा डबा काचेपाशी ठेवतो आणि हॉर्न वाजवतो. टेनाबाई चहाचा थर्मास घेऊन जातात आणि शेजारच्या सीटवर बसतात. भाऊबहिणीचं सगळं बोलणं त्या गाडीत. लॉकी वारला तेव्हाही तो दारात आला नाही. गाडीत बसून बहिणीबरोबर रडला आणि चर्चपर्यंत शवपेटीच्या गाडीमागोमाग आपली गाडी हाकत आला. वर साऱ्या जिल्ह्याच्या स्कॉटिश खेळांच्या जत्रेत मॅकडोनाल्ड कुळाचा मांडव तोच चालवायचा, पोराटोरांकडून कुळाचे नियम घोकून घ्यायचा, कुणाच्या टोपीवर बिनपट्ट्याचं चिन्ह दिसलं की टोपीच काढून घ्यायचा.

"अँगस थंडीच्या आत लेकीकडे अल्बर्टाला निघाला," टेनाबाई म्हणाल्या. "कायमचा. त्या वयात कोण परत येतंय? मी म्हटलं, बाबा, एकदा तरी माझ्या टेबलाशी बसून जेव. तर म्हणतो, तू आता कॅम्पबेल झालीस. अंगावर मॅकडोनाल्ड असल्याची खूण दाखव, येतो जेवायला. म्हणजे कशी दाखवणार, म्हणून हसला. मी तळहातावर थुंकले नि हात पुढे केला. त्यालाही थुंकावं लागलं. हात मिळवलाय आम्ही, सौदा आता मोडता येत नाही."

"आणि शनिवारी रॉरी तुम्हाला स्टेजवर नेणार आहे. कॅम्पबेलांची आई म्हणून."

"म्हणून तर दार लावलंय. त्याला कळलं तर डॉक्टर, प्रीस्ट नि अग्निशामक दल, तिघांना बोलावील."

"रक्त पातळ करायची गोळी घेता का?"

"माझं रक्त मॅकडोनाल्डांचं आहे. घट्टच आहे ते."

"आई, खरं सांगा."

"नाही घेत गं. गुडघ्याची घेते. गुडघ्यावर काढतेयस का?"

मर्डिनानं हातमोजे बदलले. "आधी पट्टा," ती म्हणाली.

"आधी हात. मधेच मेले तर नुसता पट्टा घेऊन वर जाऊ? कुत्र्यासारखी?"

"नियम आहे, आई. अँगसमामांचाच आहे."

"मला शिकवतेस? काढू की पट्टा नंतर. आधी हात."

मर्डिनानं आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. आता सासूबाईंशी वाद घालायचा, आणि तोही त्या स्वतःहून खुर्चीत बसलेल्या असताना, इतकी ती वेडी नव्हती.

टेनाबाईंच्या दंडाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मर्डिनानं डाव्या हातानं ती ताणून धरली. इतक्या वर्षांत तिनं हा दंड कधी धरला नव्हता. चर्चच्या पायऱ्यांवर आधार द्यायला गेली तर झटकला जायचा. दंड ऊबदार होता आणि वाटला होता त्यापेक्षा बारीक. यंत्र सुरू झालं. पहिली रेघ उमटली, चिलखताची कड.

टेनाबाई हलल्या.

"दुखतंय?"

टेनाबाईंनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. चेहरा लाल झाला होता. दुसरी रेघ. त्यांच्या खांद्यातून एक थरथर गेली, मग नाकातून 'फुर्र' असा आवाज आला.

"आई?"

"गुदगुल्या होतायत गं!" टेनाबाई म्हणाल्या आणि फुटल्याच. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून साऱ्या गावाला दटावणारी बाई खुर्चीत वाकडी होऊन खिदळायला लागली. "थांब... थांब... नको थांबूस... अगं आई गं!"

"हलू नका! क्रूस वाकडा होईल!"

"होऊ दे! आमचे सगळेच वाकडे आहेत!"

मग मर्डिनालाही आवरेना. ती यंत्र हवेत धरून हसत होती, टेनाबाई हातरुमाल तोंडात कोंबून हसत होत्या, आणि मधल्या श्वासात एकेक रेघ होत होती. बोटं झाली. क्रूस झाला, सरळ झाला, हा देवाचाच हात. आता पट्टा. पण हसणाऱ्या दंडावर गोल काढायचा म्हणजे वाऱ्यात वाळत घातलेल्या चादरीवर काढल्यासारखं. मर्डिना म्हणाली, "थोडा दम घ्या, मग—"

दारावर थाप पडली. "मर्डिना! आई कुठे आहे?" रॉरी.

टेनाबाईंचं हसू जागच्या जागी गोठलं. "मी इथे आहे! झाडतेय!"

"टॅटूच्या खोलीत?"

"घाण काय फक्त बैठकीतच पडते?"

रॉरीला या घरात एवढं कळत होतं, की झाडू हातात असलेल्या आईशी बोलायचं नसतं. तो गेला. पण टेनाबाईंनी बाही खाली ओढली होती आणि आता त्या परत बसायला तयार नव्हत्या. मर्डिनानं निदान त्यावर पारदर्शक पट्टी तरी लावून घेतली. "उद्या पट्टा," ती म्हणाली. "मामा शुक्रवारी येणार ना? उद्या संध्याकाळी नक्की."

"उद्या," टेनाबाई म्हणाल्या. दाराशी वळल्या. "बरा आलाय का?"

"बघितलात ना तुम्ही."

"मला काय कळतंय. मी विचारतेय ते सांग."

"छान आलाय, आई."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी दुपारी मर्डिनाच्या खुर्चीत ड्यूगल कॅम्पबेल नावाचा अल्बर्टाचा धिप्पाड माणूस उघडा बसला होता आणि त्याच्या खांद्यावर अर्धं डुक्कर झालं होतं, एक डोळा, एक कान, तेव्हा अंगणात हॉर्न वाजला.

तो हॉर्न सारं घर ओळखत होतं. पण तो शुक्रवारी वाजायचा होता.

मर्डिना यंत्र ठेवून धावली. टेनाबाई तिच्याआधीच पायऱ्या उतरत होत्या, थर्मास न घेता, दोन्ही हात मोकळे, आणि चालता चालता बाही वर सारून पारदर्शक पट्टी सोलून काढत होत्या.

"आई! पट्टा! आई, पट्टा राहिलाय!"

टेनाबाईंना ऐकू आलं असेलही. त्या थांबल्या नाहीत.

अँगसमामा गाडीत बसला होता, काच खाली करून. टेनाबाईंनी दंड सरळ खिडकीतून आत घातला.

"बघ."

मामानं पाहिलं. "हे काय? पुरळ उठलंय?"

"नीट बघ, आंधळ्या."

मामानं अंगठा जिभेला लावला आणि पुसून बघायला पुढे केला. "हात लावू नका!" मर्डिना अशी किंचाळली, की सरपणाच्या ढिगावरचा कावळा उडाला. "ताजं आहे! चिघळेल!" त्या आवाजानं रॉरी शेडमधून बाहेर आला. मागून ड्यूगल आला, उघडाच, खांद्यावर एका डोळ्याचं डुक्कर घेऊन.

"आई, हे काय?" रॉरी म्हणाला.

"तू गप्प बस, तुझी पाळी शनिवारी आहे."

मामानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. बराच वेळ तो त्या दंडाकडे बघत राहिला. चिलखत, बोटं, क्रूस. त्याची हनुवटी हलायला लागली. मर्डिनाला वाटलं, रडतोय. आणि मग त्या हनुवटीतून, साठ वर्षं मांडव चालवलेल्या माणसाच्या आवाजात, शब्द आले.

"पट्टा कुठे आहे?"

इतकी वर्षं मर्डिनानं गिऱ्हाइकांना पट्टा बजावला, आणि घरच्या बाईच्या अंगावर, जिनं पहिल्यांदा हात पुढे केला तिच्या अंगावर, नेमका राहिला. या म्हाताऱ्याला पळवाट हवी होती आणि ती तिनं स्वतःच्या हातानं गोंदून दिली. "चूक माझी आहे, मामा," ती म्हणाली. "आज संध्याकाळी काढणार होते. तुम्ही एक दिवस आधी आलात."

"चूक कुणाची का असेना. ही खूण मॅकडोनाल्डाची नव्हे. ही कुलप्रमुखाची खूण आहे. प्रमुख सोडून दुसऱ्या कुणाला ती उघडी मिरवता येत नाही. नियम म्हणजे नियम. सौदा मॅकडोनाल्डच्या खुणेचा होता."

टेनाबाईंचा दंड अजून खिडकीतच होता. मर्डिनाला त्यांच्याकडे बघवेना.

"म्हणजे," टेनाबाई सावकाश म्हणाल्या, "ही खूण ज्याच्या अंगावर, तो प्रमुख."

"नियमानं, हो."

"आणि आहे कुणाच्या अंगावर?"

"टेने, असं नसतं."

"पुसून दाखव."

"अगं, प्रमुख तिकडे स्कॉटलंडात बसलाय!"

"बसू दे. तो तिकडचं बघेल, इकडचं मी बघते. मांडवात तू पोरांना काय घोकायला लावतोस? प्रमुखानं बोलावलं की काय करायचं?"

"हातातलं टाकून निघायचं!" मागून ड्यूगल ओरडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो ओशाळला. "माझी आई मॅकडोनाल्ड होती," तो म्हणाला. "लहानपणी मामांच्याच मांडवात शिकलो."

"ऐकलंस? डुक्करसुद्धा पाठ म्हणतंय," टेनाबाई म्हणाल्या. त्यांनी दंड बाहेर काढला आणि गाडीचं दार उघडून धरलं. "तर मी बोलावतेय. ऊठ. हात धू. जेवायला बस."

मामा स्टिअरिंग धरून बसून राहिला. आणि त्या तेवढ्या वेळात मर्डिनाचं लक्ष गाडीच्या आत गेलं. काचेपाशी डबा नव्हता. सीटवरही नव्हता. मामानं दाढी केली होती, इतकी घोटून, की हनुवटीवर कापलं होतं, आणि गळ्यात रविवारचा टाय होता. तिनं टायकडे पाहिलं. तिनं पाहिलं, हे मामानं पाहिलं. मग तो घाईघाईनं खाली उतरला.

"प्रमुखाची आज्ञा आहे म्हणून," तो मोठ्यानं म्हणाला. "कॅम्पबेलांचा यात काडीचा संबंध नाही."

"नाही, नाही," रॉरी म्हणाला. "आम्ही नुसतं छप्पर."

पायऱ्या चढताना टेनाबाईंनी भावाला आधार दिला नाही आणि भावानं मागितला नाही. दोघं एकमेकांना लोटतच वर गेली. दारात मामा थांबला. बाकी सगळे त्याच्या पाठीला धडकले.

"चूल इकडे होय?"

"मग कुठे असणार?"

"मी तिकडे धरली होती. त्या भिंतीला." तो टेबलाकडे, कपाटाकडे, सिंककडे बघत होता, एखाद्यानं सामान हलवून ठेवावं तसा वैतागून. इतकी वर्षं गाडीत बसून त्यानं बहिणीच्या तोंडून हे स्वयंपाकघर ऐकलं होतं, इथे बसलेली माणसं, इथे उतू गेलेलं दूध, इथे झालेली भांडणं, आणि ते सगळं त्यानं मनात उलट्या बाजूला मांडलं होतं. "टेबल खिडकीशी नाही? अंगणातून तू सदा त्या खिडकीत दिसायचीस. मला वाटायचं, बसून आरामात खातेय."

"सिंक आहे तिथे. भांडी घासायचे." टेनाबाई चुलीकडे वळल्या होत्या. "नि तुझी गाडी आली का बघायचे."

मामानं हात धुतले, फार वेळ धुतले.

जेवणाला माशाची कटलेटं होती, कालचे उकडलेले बटाटे घालून केलेली, आणि हिरव्या टोमॅटोचं लोणचं. मर्डिनानं ताटं वाढली. मामानं सुरी उचलली तेव्हा रॉरीनं आपली सुरी गुपचूप टेबलाच्या पार पलीकडे सरकवली आणि दोन्ही हात वर करून दाखवले. मामाच्या नाकातून 'फुर्र' असा आवाज आला. मर्डिनानं तो ओळखला. घराण्यातलाच होता.

"आई," रॉरी म्हणाला, "शनिवारी स्टेजवर निदान लांब बाह्यांचं घाल."

"घालीन. उकडलं तर नाही घालणार."

"मोठं ऊन आहे म्हणतात शनिवारी," ड्यूगल म्हणाला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, पण तोही उघड्या अंगानं ताट घेऊन बसला होता.

मामानं पहिलं कटलेट संपवलं, दुसरं घेतलं. लोणच्याचा चमचा चाटला. "आईचं आहे हे."

"तिनंच शिकवलं."

"तिचं जास्त आंबट असायचं." मग जरा वेळानं, बहिणीच्या दंडाकडे न बघता, त्यानं विचारलं, "कुणी काढलाय तो?"

"माझ्या सुनेनं," टेनाबाई म्हणाल्या. "दुसरं कोण काढणार असा? नखं बघ त्याची. हाताला नखंसुद्धा काढलीत तिनं."

मर्डिना मीठ आणायच्या निमित्तानं उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. खरं म्हणजे चिलखताच्या हाताला नखं नसतात. ती बोटांच्या सांध्यांची कडी होती. पण हे सांगायला ती काही मागे वळली नाही.

"हात बरा आहे," मामा म्हणाला. "पण जेवण झालं की पट्टा घालून टाक हिला, मर्डिना. नाहीतर डोक्यावर बसेल."

"पट्टा घातला की माझी आज्ञा संपली ना?" टेनाबाईंनी विचारलं.

"संपली."

"मग आधी पुडिंग खा." त्यांनी त्याची ताटली स्वतःकडे ओढली आणि चमचाभर जास्तच वाढलं. "पट्ट्याचं मी बघते कधी घालायचा ते. हिवाळ्याआधी कधीतरी. तोवर येत जा."

मामानं पुडिंगचा घास घेतला. मग खुर्चीतच थोडा वळला आणि सिंकवरच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात, सरपणाच्या ढिगाशेजारी, त्याची गाडी उभी होती. दार तसंच उघडं.

"इथून लहान दिसते," तो म्हणाला.

"खा," टेनाबाई म्हणाल्या. "गार होतंय."